गोळी घेतली की ढवळतंय: मळमळ-उलटी करणारी औषधं आणि पदार्थ, आणि घरात पायरीपायरीने काय करायचं

"ही गोळी मला सोसत न्हाई बघा. घेतली की पोटात ढवळतंय." काउंटरवर इतक्या वेळा ऐकलेलं दुसरं वाक्य मला आठवत नाही. कोल्हापुरात औषधाच्या दुकानात उभं राहून मला वीस वर्षं होऊन गेली. पन्हाळा, कागल, राधानगरीकडची माणसं एसटीनं येतात, डॉक्टरांना दाखवतात, महिन्याच्या गोळ्या नेतात आणि आठवड्यानं अर्धी स्ट्रिप परत घेऊन येतात. काहीजण येतही नाहीत. गोळ्या फडताळात पडून राहतात आणि शुगर किंवा हिमोग्लोबिन होतं तिथंच राहतं.

मळमळलं म्हणून गोळी परस्पर बंद करणं चुकीचं, आणि मळमळ दाबायला दुकानातून आणखी एक गोळी मागून नेणंही चुकीचं. आधी मळमळ कशानं होते ते शोधायचं. बऱ्याचदा गोळीची वेळ आणि सोबतचं खाणं बदललं की काम होतं. क्वचित मात्र तीच मळमळ गंभीर बिघाडाची पहिली खूण असते आणि तिथं तासभरही दवडून चालत नाही. हे दोन्ही घरच्या घरी ओळखता यावं म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिली पायरी: वाट बघायची नाही अशी लक्षणं

उलटीत रक्त आलं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळं पडलं. डोळे पिवळे दिसतात, लघवी गडद होते. माणूस गुंगीत जातो, असंबद्ध बोलतो, आकडी येते. डोकं प्रचंड दुखतं, सोबत ताप आणि मान ताठ. आठ तासांत लघवी झालेली नाही. बाळ दूधपाणी काहीच पोटात ठेवत नाही. कीटकनाशक, उंदराचं औषध, ॲसिड किंवा भरमसाट गोळ्या पोटात गेल्याची शंका आहे. यातलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या. शहरात आणि आसपास असाल तर सीपीआर, म्हणजे कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय, आहेच.

एक गोष्ट वेगळी सांगतो. मधुमेह असलेल्या आणि वयस्क माणसांत, विशेषतः बायकांत, हार्ट अटॅक छातीत न दुखताही येतो. नुसती मळमळ, दरदरून घाम, गळून गेल्यासारखं वाटणं, एवढंच. घरची माणसं म्हणतात पित्त झालंय, आणि सोडा पाजतात. चालताना किंवा जिना चढताना मळमळ आणि घाम एकदम आला, तर सकाळच्या गोळीला दोष देत बसू नका. ईसीजी काढा.

तरुण बाईला काही दिवस सकाळी मळमळत असेल तर औषधांची यादी तपासण्याआधी पाळी चुकली आहे का ते बघावं.

दुसरी पायरी: मळमळ येते कोणत्या वाटेनं

एवढं समजलं की पुढचं सगळं सोपं जातं. पहिली वाट पोटाची. गोळी जठरात विरघळते, आतल्या अस्तराला झोंबते, आणि पोटातल्या नसा ती तक्रार मेंदूला कळवतात. ही मळमळ गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात येते, उपाशीपोटी जास्त होते, आणि जेवणानंतर गोळी घेतली की कमी होते. लोह, झिंक आणि बऱ्याच अँटिबायोटिक्सची मळमळ मुख्यतः अशी.

दुसरी वाट रक्ताची. मेंदूच्या तळाशी एक इवलासा भाग आहे, त्याचं काम रक्तात काही विषारी आलं का यावर पहारा ठेवायचं. मेंदूचा बाकीचा भाग रक्तातल्या नको त्या द्रव्यांपासून जपलेला असतो, हा मात्र मुद्दाम उघडा आहे. काही औषधांना तो विष समजतो आणि उलटीचा हुकूम देतो. म्हणून सलाईनमधून दिलेल्या औषधानंही उलटी होते, "पोटात तर काही गेलंच नाही, मग कशी झाली?" या प्रश्नाचं उत्तर हेच. अशी मळमळ खाऊन फारशी कमी होत नाही. ती डोसवर अवलंबून असते.

तिसरी वाट कानाची. आतल्या कानातलं तोल सांभाळणारं यंत्र हललं की पोट ढवळतं. गगनबावड्याच्या घाटात गाडी लागते ती यामुळे. कोकणात जायचं त्याच सकाळी नवीन गोळी सुरू केली तर दोष गोळीचा की घाटाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. नवीन औषध घरी असताना सुरू करा.

तिसरी पायरी: चार दिवसांची वही

शाळेच्या जुन्या वहीचं एक पान पुरतं. किती वाजता कोणती गोळी घेतली, त्याआधी काय खाल्लं, मळमळ किती वाजता सुरू झाली, किती वेळ टिकली, उलटी झाली का आणि त्यात गोळी दिसली का. सोबत चहा, तंबाखू, मशेरी, दारू यांच्या वेळाही खऱ्या खऱ्या लिहा. वही तुमची आहे, लाजायचं कारण नाही.

वहीत सगळ्या गोळ्या लिहायच्या. बीपीची रोजची गोळी, गुडघ्यासाठी कुणीतरी दिलेलं चूर्ण, जिममधल्या पोरानं आणलेली पावडर, सगळं. व्यायामाआधी घ्यायच्या पावडरींमध्ये कॅफिन भरपूर असतं, आणि तालमीतल्या थंडाईची सवय असलेल्या पोराला ती उपाशीपोटी घेतल्यावर हमखास उमासे येतात.

एका मावशींच्या वहीनं मला धडा दिला होता. त्या सांगत होत्या की बीपीच्या गोळीनं मळमळतं. वहीत दिसलं की बीपीची गोळी सकाळी सातला, मळमळ साडेआठला, आणि मधे आठ वाजता मशेरी. गोळी निर्दोष होती.

चौथी पायरी: तुमची गोळी यात आहे का

लोहाच्या गोळ्या. सर्वाधिक बदनाम आणि सर्वाधिक गरजेच्या. गरोदर बायकांना सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. लोह उपाशीपोटी उत्तम शोषलं जातं, पण मळमळही उपाशीपोटीच जास्त. माझा सल्ला सरळ आहे: उपाशीपोटी सोसत नसेल तर रात्रीच्या जेवणानंतर घ्या आणि झोपा. थोडं कमी शोषलं गेलं तरी चालेल, पण पोटात न गेलेली गोळी शून्य शोषली जाते. सोबत लिंबू पिळलेलं पाणी चालतं, त्यानं शोषण वाढतं. चहा, कॉफी आणि दूध दोन तास लांब. कॅल्शियमची गोळीही वेगळ्या वेळी. गंगावेशच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दुधाबरोबर लोहाची गोळी घेणारे भेटतात. दूध उत्तम, गोळी उत्तम, पण दोघांची वेळ एक नको. तरीही सोसलं नाही तर डॉक्टर गोळीतल्या लोहाचा प्रकार बदलून देतात, डोस कमी करतात, किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतात. शौचाला काळसर होणं यात नेहमीचंच आहे, घाबरू नका.

याच लाल गोळ्या लहान मुलांच्या हाती लागल्या तर मात्र प्रसंग जिवावर बेततो. साखरेचं आवरण असतं, पोरं चॉकलेट समजून खातात. सुरुवातीला उलट्या, कधी रक्ताच्या. मग काही तास मूल बरं झाल्यासारखं वाटतं आणि त्यानंतर एकदम ढासळतं. मधल्या त्या बऱ्या वाटण्याला फसू नका. पाकीट घेऊन ताबडतोब दवाखाना गाठा.

मेटफॉर्मिन. मधुमेहाची ही पहिली गोळी सुरुवातीला पोट बिघडवते. म्हणूनच डॉक्टर ५०० मिलिग्रॅमपासून, रात्रीच्या जेवणाबरोबर सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात. जेवणाच्या मध्यावर, दोन घास उरलेले असताना घ्या. बहुतेकांची मळमळ दोन-तीन आठवड्यांत जाते. गेली नाही तर हळूहळू विरघळणारी गोळी मागता येते. ती फोडायची किंवा चावायची नाही. पण वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन बिनबोभाट सोसलं आणि आता अचानक मळमळायला लागलं, तर गोळीवर न थांबता किडनीची तपासणी करून घ्या.

अँटिबायोटिक्स. अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्युलॅनिक ॲसिडची जोडगोळी जेवणाच्या सुरुवातीलाच घ्यावी. एरिथ्रोमायसिन आतड्याच्या हालचाली वाढवणाऱ्या जागेवरच नेम धरतं, त्यामुळे पोटात मुरडा येतो. ॲझिथ्रोमायसिनचंही थोडंफार तसंच. मेट्रोनिडाझोलनं तोंडाला धातूची चव येते आणि अन्नावरची वासना उडते. ते चालू असताना आणि संपल्यावरही तीन दिवस दारू नको.

डॉक्सिसायक्लिनबद्दल आपल्या भागात जास्त बोलायला हवं. २०१९ आणि २०२१ च्या महापुरानं आपल्याला शिकवलं की पंचगंगेचं पाणी ओसरलं की लेप्टोची, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, भीती सुरू होते, आणि पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना प्रतिबंधासाठी डॉक्टर आठवड्यातून एकदा २०० मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देतात. चिखल उपसून दमलेला माणूस रात्री घोटभर पाण्यासोबत ती गिळतो आणि आडवा होतो. कॅप्सूल अन्ननलिकेत अडकते, तिथं जखम करते, दुसऱ्या दिवशी घास गिळतानाही कळ येते. ही गोळी पोटभर जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्यानं, बसून किंवा उभं राहून घ्या आणि निदान अर्धा तास आडवं होऊ नका. गरोदर बायका आणि आठ वर्षांखालची मुलं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही.

वेदनाशामक. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या जठराचं संरक्षक आवरणच कमी करतात. सकाळी उपाशीपोटी गोळी, मग थेट कटाची मिसळ, हा बेत पोटाला परवडत नाही. पोट वरच्या बाजूला जळतं, मळमळतं, शौचाला डांबरासारखं होतं, तर गोळी थांबवून डॉक्टरांकडे जा. ट्रॅमाडॉल या वेदनाशामकाची मळमळ मात्र दुसऱ्या, रक्ताच्या वाटेनं येते. पहिले काही दिवस त्रास होतो, निपचित पडून राहिल्यानं कमी होते.

मनाच्या आजाराची औषधं. नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांनी पहिला-दुसरा आठवडा मळमळतं, आणि औषधाचा गुण यायला त्याहून जास्त दिवस लागतात. याच अवघड फटीत माणसं गोळी सोडतात, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. जेवणानंतर घ्या, धीर धरा, डॉक्टरांना फोन करा. अचानक बंद केल्यानंही मळमळ आणि चक्कर येते.

वजनाची आणि शुगरची नवी इंजेक्शनं. सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड. २०२५ पासून यांची विचारणा आपल्याकडेही वाढली आहे. ही औषधं पोट रिकामं होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे आधीचं जेवण तिथंच असताना तुम्ही वर तांबडा रस्सा ओतलात तर तो बाहेर येणारच. घास लहान, जेवण थोडं, तेल कमी, आणि पोट भरल्याची पहिली जाणीव झाली की हात धुवा. डोस डॉक्टरांच्या वेळापत्रकानंच वाढवा. पोटात पाठीपर्यंत जाणारी सततची कळ आणि उलट्या असतील तर स्वादुपिंडाला सूज असू शकते. त्याच दिवशी दाखवा.

केमोथेरपी. इथली उलटी घरगुती उपायांच्या पलीकडची आहे आणि तिच्यावर आज चांगली औषधं आहेत. गाठ इतकीच बांधा: उलटी थांबवणाऱ्या गोळ्या लिहून दिलेल्या वेळी घ्यायच्या, मळमळ नसली तरी. "आज बरं वाटतंय" म्हणून गोळी चुकवली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची मळमळ अंगावर येते, आणि मग आटोक्यात आणणं कठीण जातं.

पाचवी पायरी: मळमळ हीच धोक्याची खूण असलेली औषधं

माझी आई हृदय कमजोर झाल्यामुळे डिगॉक्सिन आणि लघवी वाढवणारी गोळी घेत होती. एकदा तिचं जेवण तुटलं, मळमळायला लागलं. मी चार दिवस तिला पित्ताचं औषध देत राहिलो. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "ट्यूब पिवळी का दिसतिया रे?" आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. नाडी मोजली, ती फार मंद होती. डिगॉक्सिन रक्तात साठलं की आधी भूक जाते, मळमळ होते, मग सगळं पिवळसर दिसतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. लघवीच्या गोळीनं पोटॅशियम कमी झालं की हे लवकर होतं. दवाखान्यात डिगॉक्सिन थांबवलं, पोटॅशियम सुधारलं आणि आई बरी झाली. हे पुस्तकात वाचलेलं होतं, तरी घरात चार दिवस माझ्या लक्षात आलं नाही. म्हणून पुढची नावं नीट वाचा.

डिगॉक्सिन घेणाऱ्याला मळमळ झाली तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांशी बोला. दम्यावरच्या थिओफायलिनचंही तसंच. हात थरथरणं, धडधड आणि उलट्या एकत्र आल्या तर रक्तातलं प्रमाण वाढलेलं असू शकतं, आणि सोबत सिप्रोफ्लॉक्सासिन सुरू केलं असेल तर शंका अधिक. मनाच्या आजारावर लिथियम घेणाऱ्याला उलट्या-जुलाब आणि थरथर सुरू झाली तर त्याच दिवशी दाखवा. गाउटवरच्या, म्हणजे युरिक ॲसिडमुळे सांधे सुजण्याच्या आजारावरच्या, कोल्चिसिनचा डोस जास्त झाला की उलट्या-जुलाब होतात.

मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड, उलट्या, आणि रक्तपेशी घटून जीव धोक्यात. स्ट्रिपवर मी वार लिहून देतो. तुमच्या स्ट्रिपवर नसेल तर आजच पेनानं लिहा.

टीबीच्या एकत्रित गोळ्यांनी सुरुवातीला मळमळतं, तेव्हा थोडा हलका नाश्ता करून घेण्याबद्दल उपचार केंद्रातल्या ताईंशी बोला. स्वतःहून कोर्स तोडू नका, त्यानं औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो. पण मळमळीसोबत डोळे पिवळे, लघवी गडद आणि कमालीचा थकवा असेल तर यकृताला त्रास होतो आहे. पुढचा डोस न घेता त्याच दिवशी केंद्रावर जा.

आणि पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला दिवसात जास्तीत जास्त ४ ग्रॅम, म्हणजे ६५० च्या सहा गोळ्या. दारू पिणाऱ्यांना आणि यकृत कमजोर असलेल्यांना त्याहून बरंच कमी. सर्दीच्या गोळीतही तेच असतं, हे मोजायला विसरू नका. जादा डोस झाल्यावर पहिल्या दिवशी फक्त मळमळ-उलटी होते, किंवा काहीच होत नाही. यकृत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोसळतं. उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर उत्तम लागू पडतो. रागाच्या भरात घरातल्या कुणी गोळ्या खाल्ल्या आणि उलटी होऊन "आता बरा आहे" असं वाटलं, तरी लगेच न्याच.

सहावी पायरी: औषध नाही, पण उलटी करतं

तंबाखू आधी. मशेरी लावून थुंकी गिळली, रोजच्यापेक्षा जास्त चिमूट झाली, किंवा पोरानं बटव्यातला मावा तोंडात घातला की निकोटिन थेट मेंदूच्या त्या उघड्या भागाला गाठतं. निपाणीच्या पट्ट्यात तंबाखूच्या रानात काम करणाऱ्यांना तर न खाताही हा त्रास होतो. दवानं किंवा पावसानं ओल्या झालेल्या पानांतलं निकोटिन कातडीतून आत जातं. संध्याकाळी डोकं दुखतं, चक्कर येते, उलट्या होतात. ऊन लागलं म्हणून सोडून दिलं जातं. पानं सुकल्यावर काम, लांब बाह्या, हातमोजे, आणि घरी आल्याबरोबर साबणानं अंघोळ, एवढ्यानं बराच फरक पडतो.

आजी म्हणायच्या, "आमटी कळकली." कल्हई गेलेल्या पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात ताक, चिंच, कोकम असं आंबट राहिलं की तांबं उतरतं आणि खाल्ल्यावर थोड्याच वेळात मळमळ-उलटी होते. आता तांब्याच्या बाटल्या पुन्हा आल्या आहेत. साधं पाणी ठेवा, लिंबूपाणी नको. फवारणीसाठी आणलेला मोरचूद म्हणजेही तांब्याचाच क्षार; पोटात गेला तर निळसर-हिरवी उलटी होते आणि तो जीवघेणा आहे.

रंकाळ्यावर सकाळी फिरून दुधीचा रस घेणाऱ्यांसाठी: रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा चाखा. कडू लागला तर पूर्ण फेकून द्या. कडू दुधीतल्या द्रव्यानं भयंकर उलट्या, कधी रक्ताच्या, होऊन बीपी उतरतं आणि माणसं दगावली आहेत. "कडू म्हणजे औषधी" ही समजूत इथं घातक आहे.

बांधावर कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या, म्हणजे मोगली एरंडाच्या बिया चवीला बऱ्या लागतात. सुट्टीत पोरं एकत्र खातात आणि सगळी एकदम ओकायला लागतात. सगळ्यांनाच दवाखान्यात न्यायचं, एकही उलटी न झालेल्यालाही.

आयुर्वेदातलं वमन ही पंचकर्मातली रीतसर क्रिया आहे. गेळफळ त्यासाठीच वापरतात. वैद्य आधी तयारी करून घेतात आणि समोर बसवून करतात. ऐकीव माहितीवर घरी गेळफळ उगाळून घेऊ नका.

आता एक नाजूक विषय. दारू सुटावी म्हणून नवऱ्याच्या किंवा मुलाच्या जेवणात गुपचूप घालायची गोळी मागायला बायका येतात. त्यांचं दुःख मला कळतं. पण डायसल्फिराम असं चोरून द्यायचं औषध नाही. ते पोटात असताना दारू गेली की काही मिनिटांत चेहरा लाल, धडधड, उलट्यांवर उलट्या, बीपी खाली. हृदय कमजोर असेल तर मृत्यूही. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. पिणाऱ्याला सगळं माहीत असेल, त्याची संमती असेल आणि डॉक्टरांची देखरेख असेल तरच ते घ्यायचं.

सातवी पायरी: विष पोटात गेलं तर

मीठ-पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून उलटी काढू नका. रॉकेल, पेट्रोल, थिनर बाहेर येताना फुप्फुसात शिरतं. ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर जाताना भाजतं, परत येतानाही भाजतं. मिठाचं दाट पाणी स्वतःच विष ठरू शकतं, लहान मुलांत तर नक्की.

उसाला, भाजीला मारायच्या बऱ्याच कीटकनाशकांत उलट्यांसोबत लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात, स्नायू फडफडतात. नुसतं अंगावर सांडलं तरी हे होतं. कपडे काढा, साबण-पाण्यानं अंग धुवा, धुणाऱ्यानं हातांना प्लास्टिकची पिशवी बांधावी. माणसाला डाव्या कुशीवर वळवा. बाटली किंवा तिचं लेबल सोबत न्या, कारण उतारा त्यावर ठरतो. उंदराच्या पिवळ्या पेस्टनं पहिल्या दिवशीच्या उलट्या थांबतात, एक-दोन दिवस माणूस ठीक दिसतो आणि मग यकृत निकामी होतं. तो ठीक दिसला म्हणून दवाखान्यातून हट्टानं घरी आणू नका. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा मोफत क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. गाडीत बसल्यावर फोन लावा, फोनसाठी गाडी थांबवू नका.

आठवी पायरी: उलटी होऊन गेल्यावर

दहा मिनिटं पोटाला विसावा द्या. मग ओआरएस, एक चमचा, एक-दोन मिनिटांनी पुन्हा एक चमचा. पेलाभर एकदम प्यायलं की परत येतं. पाकिटावर लिहिलं आहे तेवढंच पाणी, मोठ्या पाकिटाला एक लिटर. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. नंतर भाताची पेज, मऊ भात, केळं. आल्याचा छोटा तुकडा चघळल्यानं अनेकांना बरं वाटतं. दूध आणि तळलेलं दुसऱ्या दिवशी.

गोळी पुन्हा घ्यायची का? पंधरा-वीस मिनिटांच्या आत उलटी झाली आणि अख्खी गोळी बाहेर दिसली तर बहुतेक साध्या औषधांचा डोस पुन्हा घेता येतो, तरी एकदा फोनवर विचारा. तासाभरानंतर झाली तर पुन्हा घेऊ नका. डिगॉक्सिन, लिथियम, मेथोट्रेक्सेट, ट्रॅमाडॉल आणि शुगरच्या गोळ्या विचारल्याशिवाय कधीच दुसऱ्यांदा नाही. तातडीची गर्भनिरोधक गोळी दोन-तीन तासांत उलटून पडली तर मात्र दुसरी घ्यावी लागते.

मधुमेह असेल तर हे वाचून ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी गोळी पोटात गेली आणि जेवण बाहेर आलं, तर शुगर एकदम उतरते. घाम, थरथर आली की ग्लुकोज किंवा साखर जिभेखाली. उलट्या चालू असताना मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या थांबवायच्या का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा; बहुतेकदा थांबवतात. इन्सुलिन मात्र "जेवलोच नाही" म्हणून पूर्ण बंद करू नका, दर काही तासांनी शुगर तपासा आणि डोस विचारून घ्या. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्यांबद्दलही विचारा, शरीरातलं पाणी घटलेलं असताना त्या किडनीवर ताण आणतात.

नववी पायरी: उलटी थांबवायची गोळी

काउंटरवर "उलटीची एक द्या" म्हटलं की मी थांबतो आणि प्रश्न विचारतो, त्याचा काहींना राग येतो. ऑन्डान्सेट्रॉननं डोकं दुखतं, शौचाला घट्ट होतं, आणि काहींच्या हृदयाची लय बिघडते. डॉम्पेरिडोनचाही हृदयावर तसाच परिणाम होऊ शकतो, म्हणून ते १० मिलिग्रॅम, दिवसातून फार तर तीनदा, आणि आठवड्याच्या वर नाही. मेटोक्लोप्रमाइडनं तरुण पोरापोरींची मान वाकडी होते, जबडा आवळतो, डोळे वर चढतात. घरचे बाहेरची बाधा समजतात. ते औषधामुळे आहे आणि दवाखान्यात एका इंजेक्शननं सुटतं. प्रवासाच्या गोळ्या निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायच्या, आणि गाडी चालवणाऱ्यानं घ्यायच्याच नाहीत, झोप येते.

डॉक्टरांकडे जाताना

एका पिशवीत घरातल्या सगळ्या स्ट्रिपा, बाटल्या, चूर्णाच्या पुड्या आणि ती वही. "पांढरी गोळी" म्हणून भागत नाही, निम्म्या गोळ्या पांढऱ्याच आहेत. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदतीची तारीख शेवटपर्यंत शाबूत राहील अशा बाजूनं कापा. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ही जेवणाआधी की नंतर, सोसली नाही तर पर्याय काय, आणि कोणत्या लक्षणाला मी फोन करायचा. उत्तरं वहीतच लिहून घ्या.

औषधानं झालेला त्रास रुग्णालाही स्वतः कळवता येतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा मोफत क्रमांक १८०० १८० ३०२४ आहे. फोन करताना औषधाचं नाव, बॅच क्रमांक, सुरू केल्याची तारीख आणि त्रासाची तारीख जवळ ठेवा. बॅच क्रमांक स्ट्रिपच्या मागे, मुदतीच्या तारखेशेजारी असतो.